लहान मुलांचं रक्त कमी का होतं? ॲनिमियाच्या धोक्यांबद्दल आईबाबा वारंवार विचारतात ते प्रश्न

माझ्या धाकट्याचा रिपोर्ट आला तेव्हा तो १४ महिन्यांचा होता. हिमोग्लोबिन ८.२. आणि मी डॉक्टरांना पहिलं काय म्हटलं असेल तर, "अहो पण हा तर दिवसभर दूध पितो!" त्यांनी शांतपणे विचारलं, किती पितो, बाळ गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात जन्मलं होतं, जन्माचं वजन किती होतं, गरोदरपणात तुमचं हिमोग्लोबिन किती होतं. एकेका उत्तरासरशी मला कळत गेलं की हे अचानक झालेलं नाहीये, याची तयारी तर वर्षभर आधीपासून चालू होती आणि मला ती दिसली नाही. तेव्हापासून ओळखीतलं कुणी विचारलं की मी सगळं बैजवार सांगते. तेच प्रश्न आणि तीच उत्तरं इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण कुठल्या बाळाला धोका जास्त हे आईबाबांना माहीत असायलाच हवं.

किती हिमोग्लोबिन असलं की ॲनिमिया म्हणायचं?

वयावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये आकडे थोडे बदललेत, त्याप्रमाणे ६ महिने ते २ वर्षांच्या आतल्या मुलांना १०.५ च्या खाली, २ ते ५ वर्षांच्या आतल्यांना ११ च्या खाली आणि ५ ते ११ वर्षांच्या मुलांना ११.५ च्या खाली गेलं की ॲनिमिया. आधी ६ महिने ते ५ वर्षं सगळ्यांना ११ हाच आकडा होता, त्यामुळे जुन्या तक्त्यात वेगळं दिसलं तर गोंधळू नका. खूप उंचावर राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, तिथे हिशोब वेगळा करतात.

मोठ्यांपेक्षा लहान मुलांनाच का जास्त होतो हा?

कारण ती वाढत असतात, आणि नुसती वाढत नाहीत, भराभरा वाढत असतात. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. वजनाबरोबर रक्तही वाढायला हवं आणि रक्त बनवायला लोह लागतं. अमेरिकेतल्या पोषणाच्या शिफारशींप्रमाणे ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं आणि मोठ्या पुरुषाला ८. म्हणजे वाटीभर खाणाऱ्या बाळाला बापापेक्षा जास्त लोह हवं! मला हे कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं. म्हणून जगभरात ६ महिने ते ५ वर्षांच्या आतल्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांना ॲनिमिया आहे.

सगळ्यात नाजूक काळ ६ महिने ते २ वर्षं. जन्माच्या वेळचा साठा संपत आलेला असतो आणि जेवण अजून नीट लागलेलं नसतं, या दोन्हीच्या मधल्या फटीत बाळ सापडतं.

जन्माच्या वेळचा साठा म्हणजे काय? तो कमी कशामुळे पडतो?

दिवस भरून जन्मलेलं निरोगी बाळ आईकडून लोह घेऊनच येतं आणि ते साधारण ४ ते ६ महिने पुरतं. हा साठा मुख्यतः शेवटच्या ३ महिन्यांत भरला जातो, आणि इथेच बऱ्याच बाळांचं गणित चुकतं. बाळ ८व्या महिन्यातच जन्मलं तर साठा अर्धवटच राहतो. जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल तरी तेच, आणि वर अशी बाळं नंतर वजन भरून काढायला जास्त वेगाने वाढतात म्हणजे असलेला साठाही लवकर उडतो. जुळं असेल तर साठ्यात वाटेकरी. आईलाच गरोदरपणात जास्त ॲनिमिया असेल, आईचा डायबिटीस ताब्यात नसेल, वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नसेल, दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल, तरी बाळ कमी शिदोरी घेऊन येतं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांच्या तपासण्यांसाठी सारखं सारखं रक्त काढावं लागतं, एवढ्याशा जिवात ते थोडं थोडं रक्तही जाणवतं.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते आणि ती फारशी कुणी विचारत नाही. नाळ कधी कापली. जन्मल्यावर निदान १ मिनिट तरी थांबून नाळ बांधली तर वारेतलं बरंचसं रक्त बाळात जातं आणि पुढच्या काही महिन्यांचं लोह त्यातूनच मिळतं. बाळाला लगेच श्वासासाठी मदत लागणार असेल तर गोष्ट वेगळी. पण ज्यांची डिलिव्हरी व्हायची आहे त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा, लेबर रूममध्ये हे सुचत नाही.

आमचं बाळ कमी दिवसांचं आहे पण आता छान वजन घेतंय, तरी लोहाचे थेंब द्यायचे?

तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिले असतील तर हो, आणि बंद करू नका. छान वजन घेतंय म्हणूनच लागतात ते. अशा बाळांना डॉक्टर पहिल्या एक-दोन महिन्यांतच थेंब सुरू करतात आणि बरेच महिने चालू ठेवतात. मी स्वतः "आता तर गुटगुटीत झालाय" म्हणून मध्येच सोडले होते. कुणी सांगितलं नव्हतं सोडायला, माझं मीच ठरवलं. आज त्याचं फार वाईट वाटतं.

आईच्या दुधात लोह नसतं का?

असतं पण खूप कमी. मात्र जेवढं असतं ते बाळाच्या अंगी फार चांगलं लागतं, म्हणून पहिले ६ महिने दिवस भरलेल्या बाळाचं त्यावर भागतं. प्रश्न ६ महिन्यांनंतर येतो, जेव्हा वरचं सुरू होत नाही किंवा नावापुरतंच होतं आणि बाळ ९-१० महिन्यांचं होईपर्यंत मुख्यतः अंगावरच पितं. अंगावरचं बंद करा असं कुणी म्हणत नाहीये! २ वर्षं आणि पुढेही पाजा. फक्त त्याच्या जोडीला लोह असलेलं अन्न हवंच. काही देशांत तर नुसतं अंगावर पिणाऱ्या बाळांना ४ महिन्यांपासूनच थेंब सुरू करायचा सल्ला देतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं मत विचारून घ्या.

गाईचं दूध चांगलंच ना, मग त्याने रक्त कसं कमी होईल?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा, कारण आमच्याकडे हेच झालं.

दूध वाईट नाही, पण त्यात लोह जवळपास नसतंच. त्यातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन जेवणातून आलेलं लोहसुद्धा नीट शोषू देत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या कोवळ्या आतड्याला गाईच्या दुधाने त्रास होऊन शौचातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, इतकं थोडं की डोळ्यांना दिसतच नाही, पण रोज जात राहतं. आणि चौथी गोष्ट सगळ्यात साधी, दुधाने पोट भरलं की पोरगं जेवत नाही. मग घरातले म्हणतात जेवत नाहीये तर निदान दूध तरी पिऊ दे, आणि ते आणखी एक बाटली पितं आणि आणखी कमी जेवतं, हे असं चक्र चालू राहतं आणि बाहेरून सगळ्यांना वाटतं बाळ छान पितंय.

म्हणून १ वर्षाच्या आत प्यायला गाईम्हशीचं दूध नको. आईचं दूध पुरत नसेल तर लोह घातलेलं फॉर्म्युला दूध, तेही डॉक्टरांना विचारून. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर पुरे. रोज ७०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर धोका खरोखर वाढतो. बाटलीने पिणारी मुलं नकळत जास्त पितात म्हणून वर्षाच्या आसपास कपावर आणा. माझा धाकटा सव्वा लिटर पीत होता, आम्ही कधी मोजलंच नव्हतं, डॉक्टरांनी विचारल्यावर घरी येऊन मोजलं.

शेळीचं दूध देणाऱ्यांसाठी एवढंच की त्यात फोलेट (रक्त बनवायला लागणारं एक व्हिटॅमिन) फार कमी असतं आणि बाळ मुख्यतः त्यावरच असेल तर फोलेट कमी पडून वेगळ्या प्रकारचा ॲनिमिया होतो.

आमचं बाळ जेवतं हो व्यवस्थित, मग?

काय जेवतं ते बघा. पातळ सूप, भाज्यांचं पाणी, गोड बिस्किटं, भात-बटाटा याने पोट भरतं पण लोह जातं थोडंच. मांस, मासे, कलेजी यातलं लोह शरीर सहज घेतं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, धान्य यातलं लोह कमी शोषलं जातं, पण त्याच घासात आंबट फळ, लिंबू, टोमॅटो असं व्हिटॅमिन सी वालं काही असलं तर जास्त शोषलं जातं. आणि चहा! काही घरांत कौतुकाने बशीतून घोटभर पाजतात. चहातलं टॅनिन लोह अडवतं, लहान मुलांना चहा अजिबातच नको.

बीट आणि पालक दिला की रक्त वाढतं ना?

बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं नाही, त्यात लोह बेताचंच असतं. पालकात असतं, पण शोषलं फार कमी जातं. भाज्या म्हणून दोन्ही चांगल्या, जरूर द्या, पण एकदा ॲनिमिया झाल्यावर फक्त बीटाच्या रसावर विसंबून महिने घालवू नका.

आम्ही शाकाहारी आहोत, धोका जास्त का?

लोहाचा थोडा जास्त, पण डाळी, कडधान्यं, लोह घातलेली बाळांची धान्यं आणि सोबत आंबट फळं असं नीट जमवलं तर सांभाळता येतो. मला जास्त काळजी वाटते ती व्हिटॅमिन बी१२ ची, कारण ते नैसर्गिकरीत्या प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं. आईचंच बी१२ कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरतं, आणि नुसतं अंगावर पिणारं बाळ काही महिन्यांतच सुस्तावतं, हसायचं कमी होतं, धरलेली मान किंवा बसणं सोडून देतं, हातपाय थरथरतात, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो. यातलं काही दिसलं तर थांबू नका, हे मेंदूशी संबंधित आहे आणि वेळेवर औषध मिळालं तर फरक पडतो. आईनेही स्वतःचं बी१२ तपासून घ्यावं.

जंतांमुळे रक्त कमी होतं हे खरं की जुन्या बायांचं म्हणणं?

खरं आहे, पण सगळ्या जंतांमुळे नाही. हूकवर्म म्हणजे आकड्यासारखा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि तो बहुतेक करून अनवाणी पायातून शिरतो. उघड्यावर शौच होतं अशा मातीत मूल अनवाणी खेळत असेल तर धोका. व्हिपवर्म म्हणजे चाबकासारखे जंतही जास्त झाले तर रक्त जातं. रात्री शी च्या जागी खाज आणणारे बारीक पांढरे कृमी मात्र त्रास देतात, रक्त पीत नाहीत. जिथे जंत जास्त आहेत तिथे १ वर्षानंतर ठरावीक काळाने जंताचं औषध देतात, १ ते २ वर्षांत अल्बेंडाझोलचा डोस अर्धा असतो, तो विचारूनच द्या.

सारखं आजारी पडणाऱ्या मुलांचं रक्त कमी का असतं?

शरीरात इन्फेक्शन किंवा सूज असली की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं, आणि ते लोहाची दारं बंद करतं. आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठ्यातलं बाहेर पडत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराची ही युक्ती आहे, पण मूल महिन्यातून दोनदा आजारी पडत असेल तर दारं बहुतेक वेळ बंदच. त्यात आजारपणात जेवणही सुटतं. मलेरिया त्याहून वाईट, तो लाल पेशी सरळ फोडतोच, ताप येऊन आठवड्याभरात मूल पांढरंफटक पडू शकतं. मलेरियाच्या भागात राहणाऱ्यांनी मच्छरदाणी रोज लावा. जुनाट जुलाब, सीलिॲक आजार म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणं, यातही खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध देऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टर या दिशेने तपासतात.

मूल माती, भिंतीचे पोपडे, खडू खातं. सवय आहे की काही कमी आहे?

दोन्ही असू शकतं. लोह कमी असलं की माती, बर्फ, कागद असं काहीबाही खावंसं वाटतं, ओरडून ते जात नाही, लोह भरलं की बऱ्याचदा आपोआप कमी होतं. मातीतून जंत येतात आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांतून शिसं. शिसं रक्त बनवण्याच्या कामातच आडवं येतं, आणि लोह कमी असलेलं मूल शिसं जास्त शोषतं, म्हणजे एकाने दुसरं वाढतं. शिशाचं प्रमाण कितीही कमी असलं तरी मुलांसाठी ते सुरक्षित नाही. घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं किंवा वितळवण्याचं काम चालत असेल, घरातलं कुणी तसं काम करून त्याच कपड्यांत घरी येत असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आमच्या घराण्यातच रक्त कमी आहे, ते मुलात येतं का?

घरातल्यांचं रक्त कमी नुसतं जेवणामुळे असेल तर ते रक्तातून येत नाही, फक्त सगळे एकाच ताटातलं जेवतात म्हणून सगळ्यांचं कमी असतं. पण थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे हिमोग्लोबिनचे आजार खरोखर आईवडिलांकडून येतात. आई आणि बाबा दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के. वाहक माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून माहीतही नसतं. थॅलेसेमिया मेजर साधारण ६ महिने ते २ वर्षांत दिसतो, बाळ पांढरं पडत जातं, पोट पुढे येतं, वाढ खुंटते. सिकलसेलमध्ये लहान बाळाचे हातपाय सुजून दुखणं ही पहिली खूण असू शकते. जी६पीडी म्हणजे लाल पेशींना जपणारं एन्झाइम, ते कमी असणंही आनुवंशिक आहे, मुलग्यांत जास्त, त्यात काही औषधं, डांबराच्या गोळ्या किंवा फाबा नावाच्या शेंगांचे दाणे यामुळे लाल पेशी एकदम फुटतात, मूल पिवळं पडतं आणि लघवी गडद रंगाची होते. असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

२ महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन ९.८ आलंय, जीव घाबरलाय.

थोडं थांबा. जन्मताना हिमोग्लोबिन खूप जास्त असतं, नंतर बाळ स्वतः श्वास घेऊ लागलं, ऑक्सिजन भरपूर मिळाला की शरीर काही आठवडे नवीन रक्त बनवणं मंद करतं, आणि २-३ महिन्यांच्या आसपास ते ९ ते ११ पर्यंत उतरतं. दिवस भरलेल्या आणि छान पिणाऱ्या बाळात हे नैसर्गिक आहे. कमी दिवसांच्या बाळात जास्त खाली जातं, तिथे डॉक्टर लक्ष ठेवतात.

बाळ गुबगुबीत आहे, त्याला कसा असेल ॲनिमिया?

असू शकतो. वजन आणि रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुधावर वाढलेली मुलं तर बहुतेक गुबगुबीतच असतात, आमचाही होता, सगळे गाल ओढायचे.

घरी कसं ओळखायचं?

खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा, तळवे, नखं, जीभ बघा, स्वतःच्या हाताशेजारी धरून बघा म्हणजे फरक कळतो. किरकिर, लवकर दमणं, भूक नसणं, खेळता खेळता बसून राहणं, रडता रडता श्वास धरून निळं पडणं. पण हळूहळू रक्त कमी होतं तेव्हा मूल त्याला सरावतं आणि घरच्यांचे डोळेही सरावतात, लांबून आलेला पाहुणा पटकन म्हणतो की हे एवढं फिकट का दिसतंय. म्हणून धोका असलेल्या मुलाची लक्षणं दिसायची वाट बघू नका, ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान एकदा तपासून घ्या. धाप लागत असेल, छातीत खूप धडधडत असेल, मूल पेंगुळलेलं असेल तर मात्र उद्यावर टाकू नका, लगेच न्या.

नुसतं हिमोग्लोबिन तपासलं तर चालतं का?

सुरुवातीला चालतं, पण बोट टोचून काढलेल्या थेंबात बोट जास्त दाबलं तरी आकडा चुकतो. कमी आलं तर शिरेतून रक्त काढून सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी करतात, त्यात पेशी लहान आहेत की मोठ्या हे कळतं. लोह कमी असलं किंवा थॅलेसेमिया असला की पेशी लहान, बी१२ किंवा फोलेट कमी असलं की मोठ्या. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, ५ वर्षांच्या आत तो १२ च्या खाली असेल तर साठा संपलाय. पण ताप-इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून आजारपणात केलेला रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांना आजारपणाचं सांगा. आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरतं, साठा त्याआधीच रिकामा झालेला असतो.

मग सरळ रक्तवाढीचं टॉनिक आणून पाजलं तर?

नका हो. कारण न शोधता दिलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे थॅलेसेमियासारखा आजार असेल तर लोहाची गरजच नसते, उलट ते अंगात साठून त्रास होऊ शकतो. दुसरं म्हणजे जंत, दूध, रक्तस्राव असं मूळ कारण तसंच राहतं आणि टॉनिक संपलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टर वजनावर डोस काढतात. साधारण ४ आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ने तरी वाढायला हवं, आणि आकडा नॉर्मल झाल्यावरही २-३ महिने औषध चालू ठेवतात कारण साठा भरायचा असतो. बरेच लोक इथेच सोडतात. शी काळी होते, घाबरू नका. दुधाबरोबर देऊ नका. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडा म्हणजे दात काळे होत नाहीत.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, लोहाच्या गोळ्या, आईच्या गरोदरपणातल्या उरलेल्यासुद्धा, कुलपात ठेवा. रंगीत असतात, गोळ्या-चॉकलेट समजून मूल खातं, आणि लोहाची विषबाधा लहान मुलाचा जीव घेऊ शकते. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी मूल ठीक दिसतंय म्हणून घरी थांबू नका, कारण सुरुवातीच्या उलट्या थांबून काही तास बरं वाटतं आणि मग तब्येत एकदम ढासळते.

एका मुलाला झाला, दुसऱ्याचीही तपासणी करावी का?

हो. घर तेच, जेवण तेच, पाणी-माती तीच, आईवडील तेच. आम्ही धाकट्याच्या निमित्ताने थोरलीचं तपासलं, हिमोग्लोबिन ठीक होतं पण फेरिटिन ९ निघालं. आणि तिसरं माझं स्वतःचं हिमोग्लोबिन, जे मी दोन बाळंतपणांत कधी मनावर घेतलंच नव्हतं, ते निघालं ९.४.